बाजरीच्या डब्यातलं कार्ड

आमच्या घरातलं क्रेडिट कार्ड बाजरीच्या डब्यात असतं.

ते माझं नाही. (चौथी शिकलेल्या बाईला कोण देणार!) ते माझ्या शीतलचं. ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. शेळ्या विकून तिच्या नावावर बँकेत ठेव ठेवली होती, त्या ठेवीवर तिला कार्ड मिळालं. पहिल्याच महिन्यात तिनं दोन ड्रेस आणि एक पर्स घेतली, बिल भरताना रडकुंडीला आली आणि कार्ड सरळ माझ्या हातात दिलं.

"आई, लपवून ठेव. मी लई कारणं सांगीन, आयकू नको. रडले तरी देऊ नको."

मी ते बाजरीत पार तळाशी खुपसलं. (चोर काही बाजरी उपसत बसत नाही.)

दोन महिने निवांत गेले. मग एका सकाळी शीतल म्हणाली, "आई, कार्ड दे. परीक्षेचा फॉर्म भरायचा आज शेवटचा दिवस."

"न्हाई."

"अगं, वरीस वाया जाईल माझं!"

"हेच ते कारण. तूच सांगितलं व्हतंस."

"पप्पांच्या टोमॅटोच्या पैशांची पट्टी चार दिवसांनी येणार. आली की समदे पैसे भरीन, रुपया बाकी ठेवणार न्हाई."

मी नाही म्हणून मान हलवली. पोरगी रडायला लागली. (तेही आधीच ठरलेलं!) शेवटी तिनं मोबाइलवरची कॉलेजची नोटीस तारखेसकट वाचून दाखवली, तेव्हा मी उठले. जाऊन बघते तर डबाच नाही!

"मंदे, बाजरीचा डबा कुठाय?" मी जावेला विचारलं.

"गिरणीत ठिवून आले की, दळायला."

लग्नाला बावीस वर्षं झाली, पिंपरी पेंढार गावात माझा आवाज कुणी ऐकलेला नाही. गिरणीतही मी कोपऱ्यात उभी राहते, माझा नंबर आला तरी सांगत नाही. त्या दिवशी मात्र दारातूनच ओरडले, "बंद करा! कार्ड दळतंय!"

गिरणीवाल्या भाऊंनी खटका दाबला.

"वहिनी, रेशनचं का?"

"बँकेचं," मी पदरात तोंड घालून म्हटलं.

नशीब, आमचा डबा अजून दळला नव्हता, पुढचाच नंबर होता. पोत्यावर बाजरी ओतली. सहा-सात माणसं वाकून बघत होती. तळातून कार्ड निघालं, बाजरीच्या तुसानं माखलेलं.

रांगेतली तान्हाआजी म्हणाली, "त्यात काय एवढं? माझ्या पाटल्या बी ज्वारीतच..." आणि तिनं जीभ चावली. दोन बायकांनी गुपचूप आपापले डबे जवळ ओढले!

फॉर्म भरला. चार दिवसांनी पट्टी आली, शीतलनं सगळे पैसे भरले आणि कार्ड पुन्हा माझ्याकडं दिलं.

दुसऱ्या दिवशी दोन शेजारणी आल्या. "वैनी, तुमी लई कडक हाय म्हनं. पोटच्या पोरीला दिलं न्हाई. आमच्या पोरांची बी कार्डं ठेवा."

लेकीला 'न्हाई' म्हणता आलं, पण परक्या माणसांपुढं माझी जीभ उचलत नाही. ठेवून घेतली.

आता माझ्या बाजरीत तीन कार्डं आहेत. डब्याला हात लावायचं कुणाचं धाडस होत नाही, त्यामुळं गेले पंधरा दिवस आम्ही भाकरी सोडून चपात्या खातोय!