गाडीला मुराळी

मी जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. उमरग्याला हायवेच्या कडेला माझं आवार आहे. सुरुवात दुसऱ्याच्या आवारात ट्रॅक्टर पुसण्यापासून केली, त्यामुळं मला धंदा शिकवायला कुणी येऊ नये. माझी रोजची गाडी अँबॅसिडर आहे, माझ्या लग्नाच्याही आधी बनलेली, रंग मूळचा पांढरा. लोक म्हणतात, कंजूष आहे म्हणून वापरतो. म्हणू द्या. ईट गावात एखाद्याच्या दारात ट्रॅक्टर बघायला उंच नव्या गाडीतून उतरा; तुम्ही गॉगल काढेपर्यंत त्यानं मनातल्या मनात भाव वाढवलेला असतो. मी अँबॅसिडरमधून उतरतो, दार दोनदा आपटतो, कारण एकदा आपटून ते लागत नाही, आणि समोरच्याच्या तोंडावर दया दिसायला लागते. दया आलेला माणूस ताणून धरत नाही. माझ्या धंद्यात हिच्याइतका हुशार नोकर मला मिळालेला नाही.

आमच्या गल्लीत नव्या गाड्या पुष्कळ आहेत. त्या बँकेच्या आहेत, पण मंडळी आपल्या समजून रोज सकाळी पुसतात. माझी गाडी मी पुसत नाही, तिचं ऐकतो. थंडीत चोक किती ओढायचा, दुसरा गिअर टाकताना दांडी आधी जराशी आपल्याकडं घ्यायची, हे तिनं मला शिकवलं. उन्हाळ्यात पेट्रोलचा पंप तापला की ती रस्त्यात उभी राहते. मग पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि धीर धरायचा. फडकं माझ्याकडं कायम असतं. धीर नसतो.

मुलीच्या साखरपुड्याला येडशीला याच गाडीनं गेलो. व्याह्यांच्या दारात लिंबाखाली चांगली सावली होती, तिथं लावली. शेजारी त्यांच्या भावकीच्या पांढऱ्या गाड्या दात काढून उभ्या होत्या. व्याही हार घेऊन आले, गळाभेट झाली, आणि माझ्या कानाशी म्हणाले, "पाव्हणं, तेवढी गाडी गोठ्यामागं लावता का? फोटोत येती."

माझ्या डोक्यात एकदम जाळ झाला. मी हार काढायला हात वर नेला होता. मुलगी मागच्या सीटवरून उतरत होती, तिनं ऐकलं होतं. जवळ येऊन हळूच म्हणाली, "आप्पा, तुमी आत्ता मागं फिरलात तर एकटेच फिरा. मी इथं बसणार हाय."

मुलगा तिनं स्वतः निवडला होता. दोघं एकाच कॉलेजात होते. मी गाडी गोठ्यामागं लावली. एका म्हशीनं बॉनेट चाटलं. त्या घरात गाडीची तेवढीच विचारपूस झाली. जेवलो, हसलो, टिळा लावून घेतला. परतीच्या वाटेवर मुलीनं माझ्याकडून वचन घेतलं, की लग्न लागेपर्यंत हा विषय काढायचा नाही. "तुमचं तोंड सुटलं की माझं लग्न मोडंल," ती म्हणाली. यात खोटं काही नव्हतं. माझ्या तोंडानं चांगले चांगले सौदे मोडले आहेत.

वचन पाळलं. पण राग आतल्या आत नीट मुरत ठेवला.

एप्रिलात व्याह्यांचा फोन आला. आवाज साखरेत घोळलेला. लग्नाआधी जोडप्याचे फोटो काढायची नवी रीत आली आहे, त्यासाठी धाराशिवचा फोटोग्राफर रामलिंगच्या रस्त्यावर झाडीत येणार होता. त्याला जुनी गाडी हवी होती.

"जुनी म्हंजे?" मी विचारलं.

"व्हिंटेज म्हणतो त्यो. तुमच्यासारखी."

गोठ्यामागं होती तेव्हा ती डबा होती. कॅमेऱ्याला आवडली म्हणून व्हिंटेज झाली. ओठावर आलेलं मी गिळलं. वचन विषय काढायचा नाही असं होतं, अट घालायची नाही असं नव्हतं. मी म्हणालो, "गाडी देतो की. पण मुराळी पाठवा."

व्याही हसले. आमच्याकडं सासरी गेलेल्या लेकीला सणाला न्यायला माहेरचा माणूस येतो, तो मुराळी. त्याला पाट, जेवण, टॉवेल-टोपी, सगळा मान. गाडीला मुराळी कुणी ऐकला नव्हता.

"चेष्टा करताय व्हय?"

"चेष्टा न्हाय. हाक मारली की जाणारी न्हाय ती. घरचं करतं माणूस येऊन घेऊन गेलं पाहिजे."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "मुराळी माहेरचा येतो. म्हंजे गाडी त्यांची लेक झाली, आन् तुमी तिचे सासरे. आता मुराळी म्हणंल तसं वागावं लागंल." मी तिकडं लक्ष दिलं नाही. तिथंच चुकलो.

मुलीनं रात्री ताट वाढताना एवढंच विचारलं, "हा मान माझ्यासाठी मागितला का गाडीसाठी?" मी भाजी मागितली.

व्याही स्वतः आले. खरं सांगतो, मला वाटलं होतं पुतण्याला पाठवतील. बसनं आले, फेटा बांधून, हातात नारळ. सगळी गल्ली दारात. व्याह्यांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला, आणि गल्लीतल्या बायांनी तोंडाला पदर लावले. माझ्या मनाला इतका गारवा आला की मी स्वतः त्यांना पुरणपोळीवर तूप वाढलं.

जेवण झालं, टॉवेल-टोपी झाली, आणि व्याही मिशीवर हात फिरवत म्हणाले, "मुराळी म्हणून आलोय, तर लेकीला माझ्या हातानं नेणार. चावी द्या."

मुराळ्याला नाही म्हणता येत नाही. लेक पाठवत नाही म्हणणारा सासरा गावात बदनाम होतो. बायको माजघरात हसत होती, मला ऐकू येत होतं. चावी दिली. व्याही चाकामागं, मी शेजारी, मुलगी साड्यांची पिशवी घेऊन मागं. व्याह्यांना माहीत होता तो गिअर खाली दोन सीटांच्या मध्ये असतो. माझ्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या खाली दांडीवर आहे. नळदुर्गपर्यंत त्यांनी तो असा ओढला की माझे दात दुखायला लागले. प्रत्येक वेळी मी तोंड उघडायचो आणि मागून मुलगी माझ्या सीटला गुडघा लावायची.

तुळजापूरच्या अलीकडं, ऐन उन्हात, झाड नसलेल्या जागी गाडी उभी राहिली. पंप तापला होता. मी उतरलो, बॉनेट उघडलं, फडकं भिजवून पंपावर ठेवलं आणि म्हणालो, "आता बसून राहा. सेल मारू नका."

व्याह्यांनी चावी फिरवून सेल मारला.

"मारू नका म्हणलं ना."

"लागत आली होती."

"लागत न्हाय ती. गार होऊ द्या."

"आमच्या गाडीला असं काय करावं लागत न्हाय," असं म्हणत त्यांनी पुन्हा सेल मारला, आणि मग मारतच राहिले. आधी इंजिन घुर्र घुर्र करत होतं, मग हं हं करायला लागलं, मग नुसती टिक. पंप गार झाला तेव्हा बॅटरीत जीव नव्हता.

मी बॉनेट आपटून बंद केलं. साखरपुड्यापासून मुरवलेलं सगळं एकदम जिभेवर आलं. म्हैस, गोठा, फोटो, सगळं. व्याहीही उतरले होते, फेटा एका कानावर आलेला, आणि त्यांचंही तोंड उघडलेलं. दोन बापे रस्त्यावर एकमेकांकडं बघत उभे राहिले. मी एक शब्द बोललो असतो तर येडशीला लग्नाचा मांडव पडला नसता. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी तो शब्द निवडत होतो.

मुलगी उतरली, दोघांच्या मधून गेली आणि चाकामागं जाऊन बसली. तिनं दांडी दुसऱ्या गिअरला घातली. मी शिकवलेलीच पोरगी, आवाजसुद्धा केला नाही.

"धक्का मारा," ती म्हणाली. "दोघं बी."

"अगं, मी मुराळी हाय," व्याही म्हणाले.

"मुराळी लेकीला रस्त्यात सोडून जात न्हाय, मामा. मारा."

आम्ही मागं गेलो. मी डावीकडं, ते उजवीकडं. अँबॅसिडर काय चीज आहे ते बसलेल्याला कळत नाही, ढकलणाऱ्याला कळतं. वर रस्त्याला बारीक चढ. एक उंच पांढरी गाडी आमच्याजवळ हळू झाली, काच खाली गेली, आतून मोबाइल बाहेर आला, आमचा फोटो निघाला आणि गाडी गेली. व्याह्यांनी तोंड फिरवायचा प्रयत्न केला, पण ढकलताना तोंड फिरवता येत नाही. फेटा सुटून खांद्यावर आला.

थोडं पुढं गेल्यावर ते धापा टाकत म्हणाले, "पाव्हणं. त्या दिवशी साखरपुड्याला... आमच्याकडून जरा चुकलंच."

इतके महिने याचं उत्तर मी तयार करत होतो. आंघोळीला, गाडी चालवताना, लोकांच्या ट्रॅक्टरांचे गिअर तपासताना. एक नाही, बरीच उत्तरं होती, आणि एकेक अशी की व्याह्यांना पुन्हा माझ्या तोंडाकडं बघायची हिंमत झाली नसती. मागच्या काचेतून मुलीचं डोकं दिसत होतं. ती आरशात आमच्याकडं बघत होती.

"बोलू नका," मी म्हणालो. "दम लागंल. चढ हाय, जोर लावा."

त्यांनी लावला. मुलीनं क्लच सोडला, गाडीनं एक हिसका दिला, काळा धूर आमच्या दोघांच्या धोतरा-पँटीवर सोडला आणि सुरू झाली. मुलगी थांबली नाही. थांबली तर बंद पडेल हे तिला माहीत होतं. चढ संपेपर्यंत ती तशीच पुढं गेली आणि आम्ही दोघं फेट्याची दोन टोकं गोळा करत तिच्यामागं चालत गेलो.

लग्न लागलं, मुलगी सुखात आहे, व्याही दिवाळीला स्वतःहून फोन करतात. गाडी रोज चालवतो. चुकलं म्हणाले, ते मी मान्य करून टाकलं. पण "जरा" कशाला? तेवढा शब्द त्यांनी भावात पाडून घेतला, आणि मी दमलेलो असल्यामुळं सोडला. दुसऱ्या कुणाला मी असा सोडला नसता.