अंधारात दिसणारी रेघ

आमच्या बाईंइतकं अंधारावर जीव टाकणारं माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरं झालं नसेल. भर दुपारी वीज गेली की आम्ही सगळे कपाळावरचा घाम पुसत वायरमनच्या नावाने बोटं मोडायचो, आणि आमच्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख असलेल्या बाई मात्र खुशीत त्यांच्या अंधाऱ्या खोलीत शिरायच्या. खिडकीला लावलेल्या काळ्या कागदातून कुठे उजेड झिरपतो ते शोधत भिंतीच्या कडेकडेने फिरायच्या. टाचणीच्या टोकाएवढी फट दिसली तरी "हा बघ, इथून येतोय मेला" म्हणून त्यावर चिकटपट्टी ठोकायच्या. कॉलेजने ती खोली खरं तर मोडकी बाकं ठेवायला दिली होती. बाकं व्हरांड्यात आली आणि खोलीत अंधार राहायला गेला.

या अंधाराचं कारण सांगायला हवं. द्राक्षाच्या रसात कोणकोणती प्रथिनं आहेत हे पाहायचं, तर जेल नावाचा जेलीसारखा पातळ, पारदर्शक पापुद्रा ओततात. त्यात कंगवा खोचून खाचा पाडतात, खाचेत रसाचे नमुने घालतात आणि वीज सोडतात. लहान प्रथिनं पुढे पळतात, मोठी मागे रेंगाळतात. पण दिसत काहीच नाही. मग जेल रंगवावी लागते. जगभर त्यासाठी एक निळा रंग वापरतात आणि बाईंना तो निळा रंग अजिबात आवडत नसे. "त्याला फक्त गर्दी दिसते. कोपऱ्यात एकटं उभं असलेलं कोणी दिसत नाही," असं त्या म्हणायच्या. नव्वदच्या दशकात त्यांच्या कुणा परदेशातल्या विद्यार्थ्याने त्यांना चमकणाऱ्या रंगाची एक चिमुकली बाटली आणून दिली आणि बाईंचं आयुष्य बदललं. हा रंग प्रथिनाला चिकटला की जांभळ्या दिव्याखाली नारिंगी पेटतो. निळ्याला न दिसणारी प्रथिनंही त्यात दिसतात. फक्त त्याला उजेड सोसत नाही, उजेडात ठेवला की विझत जातो.

त्यामुळे बाई सगळं चंदेरी कागदात गुंडाळून ठेवायच्या. आमच्या फ्रीजमध्ये डब्यातल्या पोळ्या आणि जेल सारख्याच दिसायच्या. हा रंग काचेलाही चिकटतो म्हणून प्लास्टिकचे डबे लागत. ते आणायला बाई स्वतः बाजारात जात आणि मला सोबत नेत. दुकानात डब्यात तांब्याभर पाणी ओतायला लावायच्या, त्यात जेलच्या जागी आपला रुमाल सोडायच्या आणि डबा पाळण्यासारखा झुलवत रुमालाला घडी पडते का ते बघायच्या. एकदा दुकानदाराने न राहवून विचारलं, "बाई, ठेवायचंय काय ह्यात? लोणचं?"

"प्रथिनं."

"मग हा घ्या. झाकण घट्ट आहे, वास बाहेर येणार नाही."

फोटो काढायला त्यांच्याकडे जुना कॅमेरा होता. त्याच्या भिंगावर गणपतीच्या आराशीतला नारिंगी जिलेटीन कागद चिकटवलेला होता. रोल धुवायला त्या देवळाली कॅम्पातल्या त्यांच्या घराजवळच्या स्टुडिओत द्यायच्या. तिथला फोटोग्राफर बिचारा एरवी जवानांचे पासपोर्ट फोटो काढणारा. पहिल्या वेळी तो हळहळत म्हणाला, "बाई, तुमचा रोल फुकट गेला. नुसता अंधार आलाय, मध्ये चार रेघोट्या." बाईंनी तिथेच त्याला पेढे आणून दिले. त्याला त्याचं कारण शेवटपर्यंत समजलं नाही.

हे सगळं त्या करत होत्या भुरीसाठी. द्राक्षवेलीवर भुरीची पांढरी बुरशी पडली की बाग हातची जाते. वणीकडचे एक बागायतदार आम्हाला निरोगी आणि रोगट घड आणून द्यायचे. ते एकदा म्हणाले, "बाई, भुरी तर आमच्या डोळ्याला दिसती. तुम्ही दिव्याखाली काय एवढं बघता?"

"तुमच्या डोळ्याला दिसते तेव्हा उशीर झालेला असतो," बाई म्हणाल्या. "मला ती दिसायच्या आधी बघायचीय."

"तसं झालं तर लय उपकार होतील," ते म्हणाले आणि टोपी सारखी करत उठले.

मी तेव्हा बाईंच्या हाताखाली तात्पुरता अधिव्याख्याता होतो. माझी नेमणूक दर जूनमध्ये नव्याने व्हायची. हे सांगतो आहे ते सबब म्हणून नव्हे, तरी ती सबब आहेच, हे मला माहीत आहे.

त्या शनिवारी मला मालेगावला मुलगी बघायला जायचं होतं. दहा नमुने तयार करायचे होते, पाच निरोगी आणि पाच रोगट. निरोगी पाच झाले आणि माझा कोपर लागून टिप्सचा डबा खाली पडला. टिप्स म्हणजे थेंब मोजून घालायच्या पिपेटच्या तोंडाला लावायची प्लास्टिकची टोकं. आमच्याकडे ती धुऊन, कुकरमध्ये वाफवून पुन्हा वापरायची पद्धत होती, आणि एकदा वाफवल्यावर उघड्या हाताने शिवायची नाहीत हा बाईंचा पहिला नियम. मी घड्याळ पाहिलं. हातमोज्यांत ती पटकन उचलता येईनात, म्हणून मोजे काढून सगळी टोकं फरशीवरून भराभर गोळा केली, डब्यात परत खोचली आणि त्याच टोकांनी उरलेले पाच नमुने केले. मग बस गाठली. मुलगी पसंत पडली. ती आज माझी बायको आहे.

सोमवारी बाईंनी जेल रंगवली. अंधारातून त्यांची हाक आली, "अरे, लवकर ये." पाचही रोगट नमुन्यांत एक नारिंगी रेघ होती. निरोगी नमुन्यांत नव्हती. बाई त्या रेघेवरून नजर हटवत नव्हत्या. माणसाच्या कातडीतलं प्रथिन साधारण त्याच जागी येतं, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. त्यांनी विचारलं, "नमुने करताना हातमोजे होते ना?"

"हो, बाई," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी पुण्याच्या परिषदेत ती रेघ दाखवली. मी शेवटच्या रांगेत होतो. पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापकांनी शांतपणे विचारलं, "ही द्राक्षाचीच कशावरून? हाताची नसेल?" बाई म्हणाल्या, "माझ्या प्रयोगशाळेत हात लागत नाही. पण पुन्हा करून कळवते." तीन आठवडे त्यांनी तो प्रयोग एकटीने पुन्हा पुन्हा केला. रेघ परत आली नाही. मग त्यांनी परिषदेला पत्र लिहून निष्कर्ष मागे घेतला. 'दोष माझ्या हाताचा,' असं त्यात होतं. त्यांनी कारणही शोधलं होतं. "रोगट नमुने उजवीकडच्या खाचांत होते," त्या मला म्हणाल्या. "कंगव्याचं उजवं टोक मी धरते. धुतलेल्या मोज्याला भोक असणार. मला जाणवलंच नाही. हात गेले माझे." बागायतदारांनाही त्यांनी स्वतःच सांगितलं. ते म्हणाले, "असू द्या बाई, पुढल्या हंगामाला बघू." पुढच्या हंगामाला ते आले नाहीत.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत बाईंनी जेल ओतली नाही. कंगवा विद्यार्थ्यांच्या हातात दिला आणि स्वतः स्टुलावर बसून सूचना करू लागल्या. विनोद करायच्या, डबे झुलवून घ्यायच्या, फटी बुजवायच्या. फक्त जेलजवळ आलं की हात पदरात घ्यायच्या. पुढच्या जूनमध्ये मी कायम झालो. माझ्यासाठी शिफारस त्यांनीच लिहिली होती.

बाई निवृत्त झाल्या त्याच्या पुढच्या वर्षी बायको मला म्हणाली, "वर्षानुवर्षं मला एकटीलाच सांगताय. माझ्यामुळे घाई झाली म्हणता, तर चला, मी येते साक्षीला." मी एकटाच गेलो. बाई देवळालीच्या घराच्या व्हरांड्यात बसल्या होत्या, दूर तोफखान्याचा सराव चालला होता. मी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

त्या रागावल्या नाहीत. त्यांचे डोळे, कित्येक वर्षांत पाहिले नव्हते तसे, चमकले. "सगळी टोकं पडली?"

"सगळी."

"निरोगी झाल्यावर?"

"हो."

"दोन्ही हातांनी उचललीस?"

"दोन्ही."

त्या आत गेल्या आणि त्या वर्षाची वही घेऊन आल्या. पान शोधून कडेला लिहू लागल्या. लिहिता लिहिता स्वतःशीच म्हणत होत्या, "म्हणून डावे पाच स्वच्छ. म्हणून नंतर आली नाही. बरोबर. अगदी बरोबर." मग वही माझ्याकडे सरकवली. "सही कर. नमुने तू केले होतेस." मी सही केली.

त्यांनी चष्मा काढला आणि आपले दोन्ही पंजे समोर धरून थोडा वेळ उलटसुलट करून पाहिले.

"म्हणजे आणखी दहा वर्षं मला जेल ओतता आली असती," त्या म्हणाल्या.

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मग त्यांनी विचारलं, चहा घेणार का. मी हो म्हणालो. त्या आत गेल्या, आणि शाई वाळेपर्यंत मी ती वही मांडीवर उघडी धरून बसलो.