भागाबाईंची टरफलांची बादली

मटार सोलायला बसलेल्या जागीच साडीला फॉल लावायला घेऊ नये... ही अक्कल मला एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत आली.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते, माहेर कळवणचं, आणि क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच.

कॉलनीत कचऱ्याचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. पेपर रद्दीला, डबे-बाटल्या भंगारवाल्याला, आणि भाजीची सालं-टरफलं भागाबाईंच्या म्हशीला. शेजारच्या गावातून त्या रोज दुपारी यायच्या आणि घरोघरच्या बादल्या रिकाम्या करून न्यायच्या. त्यात कागद, दोरा, लोखंड चुकूनही पडता कामा नये, असं शेजारच्या काकूंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

त्या दिवशी भागाबाई येऊन गेल्या आणि मी पुन्हा फॉल हातात घेतला... तर सुई गायब! चटई झटकली, साडी उलटीपालटी केली. मग आठवलं, टरफलं मी त्याच चटईवरून गोळा केली होती.

म्हैस गाभण होती. सुई पोटात गेली की जनावर कसं खंगत जातं, हे मी आमच्याच गोठ्यात पाहिलं होतं. शेतकऱ्याची मुलगी असून ही चूक माझ्या हातून व्हावी!

ह्यांच्या चपला पायात अडकवल्या आणि पळत सुटले. भागाबाईंच्या गोठ्यात पोचले तर म्हैस निवांत रवंथ करत होती... म्हणजे टरफलं खाऊन झाली होती!

"भागाबाई, टरफलात माझी सुई गेली हो!"

"बस आधी. पानी पी," म्हणत त्यांनी कोनाड्यातली एक डबी काढली. आत हेअरपिना, अर्धं ब्लेड, दोन बटणं... आणि लाल दोरा ओवलेली माझी सुई!

"नव्या सुनंची टरफलं मी सहा महिने येगळी बांधून आनती, आन् हातानं निवडती. तुमचं ध्यान समदं माहेरी ऱ्हातं," त्या हसत म्हणाल्या.

इतकं हायसं वाटलं की मी तिथेच रडायला लागले. डोळे पुसताना त्यांच्या बोटाकडे लक्ष गेलं. चिंधी बांधलेली, आणि चिंधीवर ताजं रक्त. सुई कशी सापडली, ते मला विचारावं लागलं नाही.

"आगं, बोट बरं हुईल उद्या. म्हशीचं पोट नसतं झालं," एवढंच म्हणाल्या. वर पितळीत चहा दिला.

आता दारात कचऱ्याची घंटागाडी येते, ओला-सुका वेगळा द्यावा लागतो. ओल्याचा डबा देण्याआधी मी त्यात तळापर्यंत हात फिरवते, आणि सूनबाई हसते. हसू दे... आपल्यानंतर त्यात कुणाचा तरी हात जाणार असतो.