गगनबावड्यातली कबुली

नोकरीतली ती एक सकाळ अजून माझ्या मनातून जात नाही. तेव्हा माझी नेमणूक गगनबावड्याला होती. घाटात दाट धुकं होतं. पोलीस ठाण्यात फोन आला तो एका भाड्याच्या बंगल्याची देखभाल करणाऱ्या बाईंचा. त्या बंगल्यात पाहुण्यांनी स्वतःच रांधून खायचं, अशी सोय होती.

"सायब, लवकर या. म्हातारी पावणी उठंना झालीया. काल माय-लेकाचं लई वाजलं हुतं."

आम्ही पोहोचलो. सत्तरीची आई बिछान्यात मृत होती. शेजारी जमिनीवर चाळिशीचा मुलगा बसलेला. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. मी नाव विचारण्याआधीच तो म्हणाला, "मीच मारलं आईला."

पंचनाम्यात अंगावर जखम नाही, गळ्यावर खूण नाही. उशाजवळ विझलेली शेगडी होती, पण त्या गारठ्यात तिचं नवल वाटलं नाही. दुपारी त्याची बहीण कोल्हापुरातून आली आणि ठाण्याच्या दारातच ओरडली, "आईनं रात्री फोनवर सांगितलंया, सैपाक ह्यानंच केला आन् हाच जेवला न्हाय! इचारा की त्याला!"

विचारलं. तो खरंच जेवला नव्हता. "आई घरी चल म्हणत हुती. मी म्हटलं, जन्मात कुठं फिरायला गेली न्हाईस, ऱ्हा की अजून एक दिस. त्यावरनं भांडलो. मग मला घास उतरंना."

"जेवणात काय घातलंस?"

त्यावर एकच उत्तर, "मीच मारलं."

सहकारी म्हणाले, कबुली आहे, अटक करू. मी थांबलो. खून केलेला माणूस बहुधा कारण सांगतो, दुसऱ्याचा दोष काढतो. हा स्वतःची बाजूच मांडत नव्हता.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा निरोप आला. मृत्यूनंतर अंगावर पडणारे डाग नेहमीसारखे जांभळे नव्हते, गुलाबी होते. बंद खोलीत कोळसा जळून त्याच्या विषारी वायूने जीव गेला असावा, असा त्यांचा अंदाज होता. देखभालीच्या बाईंना शेगडीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "शेगडी मीच दिलती की. अंगणात कणसं भाजायला."

मी मुलासमोर बसलो. "शेगडी आत कुणी नेली?"

तो हुंदके देऊ लागला. "आईला गारठा सोसंना. निखारं तिच्या उशाजवळ ठेवलं, खिडक्या लावल्या, दार ओढून घेतलं आन् भाईरच्या खोलीत झोपलो. सायब, मी भट्टीवर काम करतोय. बंद जागेत कोळसा ठेवू नगा, आसं नव्या पोरांना मीच सांगतोय."

दारात उभ्या बहिणीने ते ऐकलं. ती आत आली आणि त्याच्याजवळ खाली बसली.

पुढे रासायनिक तपासणीतही जेवणात विष सापडलं नाही. अकस्मात मृत्यू म्हणून प्रकरण मिटलं. जबाबावर सही करताना त्याने विचारलं, "कायतरी कलम लावा की सायब. घरी जाऊन मी काय करू?"

मी त्याच्या बहिणीला बोलावून त्याला तिच्याबरोबर घरी पाठवलं.

कबुली मिळाली की तपास संपला, असं आम्हा पोलिसांना वाटतं. दुःखात बुडालेला माणूसही कबुली देतो, हे मी त्या दिवशी शिकलो. आयुष्यात कितीतरी जणांना कोठडीत टाकलं, त्याचं ओझं वाटलं नाही. त्या निर्दोष माणसाला घरी पाठवणं मात्र फार जड गेलं.