तिसरं कोटेशन

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझं बोलणं रुपयाला चार आणे या भावाने घेतात. किला गेटपाशी म्हैस आडवी आली आणि तीन तास वाहतूक खोळंबली असं मी सांगितलं, तर ऐकणारा मनातल्या मनात पाऊण तास धरतो आणि चहाचा घोट घेतो. यात त्याचा अपमान नाही, माझाही नाही. राज्य सरकारच्या वित्त खात्यात मी पस्तीस वर्षं काढली, आणि महाराज बाड्यावरच्या चहाच्या टपरीवर त्याहून जास्त. मी तिथे उभा राहून एखादी गोष्ट जशीच्या तशी सांगितली, तर लोक आधी माझी तब्येत विचारतील.

निवृत्तीनंतर दिल्लीच्या एका सल्लागार कंपनीने मला गाठलं. एका लहान देशाच्या सरकारला सरकारी खरेदीचे नवे नियम हवे होते. टेंडर कसं काढायचं, किती कोटेशनं मागवायची, सही कुणाची, तपासणी कुणाची, हे सगळं लिहून द्यायचं आणि मग त्यांच्या माणसांना शिकवायचं. त्या देशाचं नाव मी सांगत नाही, करारात तशी अट आहे. समुद्र आहे, मिरीच्या बागा आहेत आणि माणसं विलक्षण सभ्य आहेत, एवढं पुरे. विमानतळावर मला घ्यायला अर्धं मंत्रिमंडळ आलं होतं. म्हणजे एक उपसचिव आणि त्याचा ड्रायव्हर.

चार महिन्यांत मी त्यांना उशीएवढ्या जाडीचं नियमपुस्तक लिहून दिलं. त्यातल्या एका कलमाचा मला आजही अभिमान आहे. कुणाचा जीव धोक्यात असेल तर कोटेशनांच्या भानगडीत पडू नये, जवळच्या दुकानातून वस्तू घ्यावी, दोन ओळींत कारण लिहावं आणि मंजुरी मागाहून मिळवावी. ते कलम मी कुठून उचललेलं नव्हतं. आमच्या खात्यात हे लोक करतातच, पण तोंडी. मी ते कागदावर आणलं.

मग शिकवणं सुरू झालं. सभागृहात साठ माणसं होती, जिल्ह्याजिल्ह्यातून आलेले भांडारपाल, कारकून, हिशेबनीस. मी इंग्रजीत बोलायचो आणि शेजारी उभा असलेला दुभाषा, एक तरतरीत तरुण, ते त्यांच्या भाषेत सांगायचा. दुपारच्या जेवणानंतर सगळे पेंगायला लागले. पेंगणाऱ्या सभेवर माझ्याकडे एकच औषध आहे. मी बल्बची गोष्ट काढली.

ही गोष्ट ग्वाल्हेरात मी निदान हजार वेळा सांगितली असेल. इथल्या एका सरकारी इस्पितळाचा भांडारपाल. ऑपरेशन चालू असताना दिवा गेला, म्हणून बिचारा धावत पाटणकर बाजारात गेला आणि एक बल्ब घेऊन आला. रोगी वाचला. पण कोटेशन एकच, नियमाने हवीत तीन. झाली चौकशी सुरू. अकरा वर्षं चालली. फाईल एवढी फुगली की ती न्यायला दोन शिपाई आणि एक गाढव लागायचं. तो बल्ब पुरावा म्हणून लाखेने सील केला गेला. माणूस निलंबित, मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, बायकोने शिवणाचं मशीन आणलं. निवृत्तीच्या दिवशी निकाल लागला की बल्बची किंमत योग्य होती, पण पेन्शन देता येत नाही, कारण बल्ब परत करताना फुटला.

बाड्यावर गाढव आलं की हशा सुरू होतो आणि बल्ब फुटेपर्यंत लोक पोट धरतात. त्या सभागृहात दुभाषाने सगळं गंभीरपणे सांगितलं आणि साठ माणसांनी ते लिहून घेतलं. कुणी हसलं नाही. दुसऱ्या रांगेत पन्नाशीची एक बाई बसली होती, एका जिल्हा इस्पितळाची भांडारपाल. तिने हात वर केला. मग त्याने बल्ब आणायलाच नको होता का, असं तिने विचारलं.

मी रंगात आलेलो. हशा नाही मिळाला, निदान टाळी तरी मिळावी म्हणून मी म्हणालो, "मॅडम, शहाणा माणूस तिसरं कोटेशन येईपर्यंत अंधारात बसतो."

तेही त्यांनी लिहून घेतलं. माझ्या बोलण्याचा भाव त्या देशात कुणाला माहीत नव्हता. आणि तो सांगायचं माझ्या मनात आलं नाही, कारण जन्मात कधी सांगायची वेळच आली नव्हती.

मी ग्वाल्हेरला परत आलो. त्या सभागृहाचं मी टपरीवर स्टेडियम केलं. वर्ष गेलं. मग एके दिवशी त्या सरकारच्या चौकशी समितीचं पत्र दिल्लीच्या कंपनीमार्फत आलं.

त्या बाईच्या इस्पितळात मिरीच्या बागेत काम करणारा एक माणूस सकाळी आणला गेला होता. पायाला साप चावलेला. इस्पितळातली इंजेक्शनं संपली होती. फाटकासमोरच्या खाजगी दुकानात ती होती, पण घरच्यांच्या ऐपतीबाहेरची. डॉक्टरने मागणीचा कागद लिहून भांडारात पाठवला. बाईने समोरच्या दुकानाचं कोटेशन घेतलं. दुसरं शेजारच्या गावातून दुपारी आलं. तिसरं बोटीने दुसऱ्या दिवशी येणार होतं. डॉक्टर दोनदा खाली येऊन तिच्याशी भांडून गेला. तिने सही केली नाही. तिसरं कोटेशन आलं तेव्हा माणूस गेलेला होता.

आता समिती तिला विचारत होती की जीव धोक्यात असतानाचं कलम नियमपुस्तकात स्पष्ट असताना तू ते वापरलं का नाहीस. तिने आपली वही पुढे केली. ते कलम वापरणाऱ्याचं काय होतं, हे कलम लिहिणाऱ्यानेच आम्हाला सांगितलं होतं, असं तिचं म्हणणं. बाकीच्या एकोणसाठ जणांना असं काही ऐकल्याचं स्मरत नव्हतं, आणि त्यांच्या वह्याही सापडत नव्हत्या. तेव्हा समितीने मला विचारलं होतं, आपण असं काही बोललात का, आणि बोलला असाल तर त्या प्रकरणाच्या आदेशाची प्रत पाठवावी.

पत्र वाचून मी ते घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि त्या दिवशी टपरीवर गेलो नाही. आमच्या घरात ही बातमीच असते.

दिल्लीच्या कंपनीतून काम बघणाऱ्या मुलीचा फोन आला. गोड आवाज, घाईचा. कामाचा दुसरा टप्पा सरकारच्या टेबलावर होता आणि त्यात माझं नाव होतं. ती म्हणाली, "सर, आप बस इतना लिख दीजिए कि याद नहीं। झूठ भी नहीं हुआ, बात भी ख़त्म।" मी सरकारी माणूस. "स्मरत नाही" हे शब्द मी दुसऱ्यांच्या जबाबांत इतक्या वेळा वाचलेत की ते लिहिताना हातालाही काही वाटलं नाही. दोन ओळी लिहिल्या आणि पाठवून दिल्या.

बायकोला मी ते मागाहून सांगितलं. तिने मुलींच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय. कमी बोलते, आणि ती जागा भरून काढायला मी आहेच. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "तुम्हाला आठवत नाही? मला पाठ आहे."

आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. तिने चार शब्द सुनावले असते तर मी त्यांना उत्तर दिलं असतं.

पंधरा दिवसांनी त्या दुभाषाचा फोन आला, त्याच्या स्वतःच्या नंबरावरून. माझ्या पत्रामुळे बाईवर दुसरा आरोप लागला होता, वहीत मागाहून खोटा मजकूर घातल्याचा. पहिल्यात नोकरी जाते, दुसऱ्यात तुरुंग. तू सभागृहात होतास ना, तू का सांगत नाहीस, असं मी त्याला विचारलं. त्याने सांगितलं होतं. पण तो रोजंदारीवरचा माणूस आणि मी सरकारचा सल्लागार. माझ्या पत्रासमोर त्याचं कोण ऐकणार. "सर," तो म्हणाला, "तुम्ही म्हणाला होतात. मी स्वतः भाषांतर केलंय."

मी समितीला कळवलं की मला साक्ष द्यायची आहे. दिल्लीच्या मुलीला कळवलं नाही, पण तिला कळलं. तिने इतकंच विचारलं की सर, आपने सोच लिया है ना, आणि त्यानंतर तिचा फोन कधी आला नाही.

साक्ष व्हिडिओवर झाली. मी आमच्या समोरच्या खोलीत इस्त्रीचा सदरा घालून बसलो. पडद्यावर एका लांब टेबलामागे तीन माणसं, मधोमध अध्यक्ष, कडेला दुभाषा. दुसऱ्या टोकाला ती बाई. मी तिला ओळखलंच नाही. वर्षभरात माणूस एवढा आटतो हे मी गोष्टीत सांगितलं असतं तर तुम्ही चार आणे धरले असते.

मी सांगितलं की ती गोष्ट मी सांगितली होती. तसा भांडारपाल ग्वाल्हेरात कधी नव्हता, बल्ब नव्हता, चौकशी नव्हती, आदेशाची प्रत कुठून देणार. माझं आधीचं पत्र खोटं होतं.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग शांतपणे विचारलं, "म्हणजे आपण प्रशिक्षणात खोटं बोललात आणि समितीला खोटं लिहिलंत. मग आज बोलताय ते आम्ही कशावरून खरं धरायचं?"

पस्तीस वर्षांत मला कुणी निरुत्तर केलं नव्हतं, निदान मी तसं सांगत आलोय. खाली रस्त्यावर एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. बाईने मान खाली घातली.

तेवढ्यात बायको पदराला हात पुसत आत आली. दाराआडून ती सगळं ऐकत होती. माझ्या खुर्चीच्या शेजारी उभी राहून तिने आपल्या मास्तरणीच्या इंग्रजीत अध्यक्षांना विचारलं की ती वही कुणाकडे आहे. समितीच्या ताब्यात, घटनेनंतर लगेच सील केलेली, असं उत्तर आलं. माझ्या यजमानांनी ती पाहिलीय का? नाही. "मग मी ती गोष्ट सांगते," ती म्हणाली. "मी सांगून झाल्यावर वही उघडा."

तिने गोष्ट सांगितली. एका सुरात, हावभावाशिवाय, हजेरी घ्यावी तशी. पाटणकर बाजार, अकरा वर्षं, दोन शिपाई, एक गाढव. लाखेचं सील. मोडलेलं लग्न, शिवणाचं मशीन. परत करताना फुटलेला बल्ब. मी ते ऐकत होतो आणि त्यात हसण्यासारखं मला कुठेच काही सापडत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "यानंतर कुणी प्रश्न विचारला तर हे नेहमी एक वाक्य टाकतात. शहाणा माणूस तिसरं कोटेशन येईपर्यंत अंधारात बसतो."

अध्यक्षांनी सील फोडलं. दुभाषाने वहीचं पान इंग्रजीत वाचलं. तो गाढवापाशी आला तेव्हा एका सदस्याने दुसऱ्याकडे पाहिलं. शेवटचं वाक्य शब्दाला शब्द होतं, आणि त्याखाली बाईने दोन रेघा ओढल्या होत्या.

मग तिला काही म्हणायचंय का, असं अध्यक्षांनी विचारलं. ती दुभाषाशी हळू बोलली. त्याने मला सांगितलं, "त्या विचारतायत, त्या बल्बवाल्या माणसाची मुलगी. तीही नाही?"

"नाही," मी म्हणालो. "मुलगी नाही."

ती पुन्हा काही बोलली. "त्या म्हणतायत, त्यांना स्वतःला दोन मुली आहेत. डॉक्टर खाली आले तेव्हा त्या त्याच मुलीचा विचार करत होत्या."

निकाल महिन्याभराने आला. दुभाषाने तो मला फोनवर वाचून दाखवला. वही खरी धरली, तुरुंग टळला. पण कलम कागदावर होतं, आणि सल्लागाराची गोष्ट म्हणजे सरकारचा आदेश नव्हे, म्हणून तिची नोकरी गेली. माझ्याविषयी एक परिच्छेद होता. अशा व्यक्तीला पुन्हा नेमू नये, एवढाच. मी समितीला लिहिलं की दोष माझा आहे, तिचा नाही. त्यावर पत्र पोचल्याची पोच आली. गेलेल्या माणसाच्या घरच्यांना काय मिळालं, ते निकालात नव्हतं. मी विचारलं तेव्हा दुभाषा म्हणाला की ते या समितीच्या कामात येत नाही.

फोन ठेवण्याआधी मी त्याला विचारलं की निकाल ऐकल्यावर ती काही म्हणाली का. काही नाही, तो म्हणाला. भांडाराच्या किल्ल्या मोजून टेबलावर ठेवल्या आणि पोच मागितली.

"माझ्याबद्दल?"

"नाही, सर."

मला ते पटेना. शिव्या तरी दिल्या असतील, निदान घरी. मी पुन्हा विचारलं.

"सर," तो म्हणाला, "तुमचा विषय निघाला नाही."