शिकायला एकच माणूस

सातपूरच्या आमच्या शेडमध्ये धातू कातायचे दोन साधे, हाताने चालवायचे लेथ होते. एकावर अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि दुसऱ्यावर काका. काका नात्यातले नव्हेत, सटाण्याकडचे. दोघं एकाच कारखान्यात लेथवर काम करणारे टर्नर होते. तो बंद पडल्यावर त्यांनी मिळून ही शेड उभी केली. मी डिप्लोमा संपवून आले तेव्हा दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं आणि मोठे कारखाने कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन नसलेल्या शेडला काम द्यायला काचकूच करू लागले होते. मशीन घ्यायचं ठरलं. त्याबरोबर एका माणसाला पुण्यात आठ दिवस शिकवणार होते. त्यासाठी अण्णांनी माझं नाव धरलं होतं.

मी अण्णांच्या युनियनच्या पत्रकांवर अक्षरं जुळवायला शिकले. नव्या यंत्राची किंमत आधी जुना कामगार मोजतो, हे मला शाळेत जायच्या आधीच कळलं होतं. आता ते आमच्याच शेडमध्ये होणार होतं, आणि काकांची जागा घेणारी मी.

"काका जाणार नसतील तर मीही जाणार नाही," मी सांगून टाकलं.

"त्याला जमलं तर तोच जाईल," अण्णा म्हणाले. "पण मला भाषण देऊ नकोस. असली भाषणं मी लिहिलीत."

विक्रेत्याकडे आम्ही तिघं आमचाच जॉब घेऊन गेलो, पातळ भिंतीचा एक बुश, म्हणजे धातूची आखूड पोकळ नळी. दोन मशीनं होती, दोन वेगवेगळे कंट्रोल. एकाचा पडदा मोठा, बटणं थोडी. दुसरा जुनाट दिसणारा, पण आमच्या गल्लीत तीन शेडमध्ये तोच होता. अण्णांनी दुसरा पसंत केला. "अडलं तर शेजारी जाऊन विचारता येईल," एवढंच कारण.

मग काकांची पाळी. विक्रेत्याचा इंजिनिअर माझ्याच वयाचा. त्याने बुश कापून दिला. काकांनी मायक्रोमीटर लावला. बाहेरचा व्यास हवा त्यापेक्षा चाळीस मायक्रॉन मोठा. इंजिनिअरने पडद्यावर दाखवलेल्या दुरुस्तीच्या रकान्यात काकांनी वीसचा आकडा टाकला आणि पुन्हा कापलं. बुश अजून वीसने मोठाच.

इंजिनिअर हसला. "काका, निम्मंच टाकलंत! अण्णा, ताईंनाच पाठवा."

मला त्याचं हसू सहन झालं नाही. चूक अडाण्याची नव्हतीच. आमच्या लेथवर टूल वीस पुढे घेतलं की व्यास चाळीसने उतरतो. काका तीस वर्षं मनातल्या मनात निम्मं करत आले होते. हे मशीन सरळ व्यासच मागत होतं. मी तावातावाने हे सांगू लागले, तर काकांनीच हात वर केला.

"थांब पोरी. मापाचं कळलं मला. पण कापताना जॉब रडतोय, ते कुणाला ऐकू येईना का?"

बुश मी उजेडात धरला. अंगावर बारीक लाटा उठल्या होत्या.

"स्पीड कमी करतो," इंजिनिअर म्हणाला.

"स्पीड राहू दे. कटरचं नाक लय जाड हाय. पातळ जॉबला दाबतंय ते. बारीक नाकाचा इन्सर्ट हाय का?"

होता. कटरच्या टोकाचा तो तुकडा बदलला, नवा बुश मशीनमध्ये धरला. कापतानाची किरकिर बंद झाली. काकांनी माप घेतलं, या वेळी फरक होता तेवढा पूर्ण टाकला आणि शेवटचा कट घेतला. बुश मापात आला. इंजिनिअरने तो दोनदा मोजला आणि काकांना खुर्ची दिली.

अण्णांनी मशीनच्या ऑर्डरचा फॉर्म पुढे ओढला आणि शिकणाऱ्याच्या रकान्यात काकांचं नाव लिहिलं.

काकांना आनंद झालेला दिसला नाही. "भाऊ, आठ दिवस पुण्यात? तिथलं गोड वरण माझ्या घशाखाली उतरत नाय."

"मिरचीचा ठेचा बांधून देतो. जा."

"आन् माझ्या लेथवर कोण?"

"मी," मी म्हटलं.

काकांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग इंजिनिअरकडे वळून विचारलं, "चार दिवसात नाय का हो शिकवता येणार?"