मिस्त्रींचा जादा फिल्टर

मिस्त्रींचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि त्या दिवशी तर त्याला कारणही होतं. दवाखान्याची डिझेल जीप ट्रॅक्टरने ओढत आणून गॅरेजच्या दारात सोडली होती. आदल्या दिवशी ती माळावर, चिटपाखरूही नाही अशा जागी, बंद पडली. आत मिस्त्रींची नर्स लेक आणि एक अडलेली बाई. बाळ जीपमध्येच झालं. मायलेकरं वाचली, पण थोडक्यात.

कुणी म्हणेल, यंत्रच ते, बंद पडायचंच. पण ही जीप बंद पडू नये म्हणून मिस्त्रींनी जिवाचं रान केलं होतं! त्या लांबच्या वस्त्यांवर डिझेल मिळतं ते पिंपातलं. त्यात गंज, माती, आणि विकणाऱ्याची नियत असेल तेवढं पाणी. म्हणून टाकी आणि मूळ फिल्टर यांच्यामध्ये त्यांनी एक जादा फिल्टर बसवला. त्याच्या बुडाशी काचेची वाटी. पाणी जड, ते वाटीत बसतं. खालची तोटी उघडली की बाहेर. वाटीत पाणी साचलं की आतला सेन्सर डॅशबोर्डवरचा बझर वाजवणार. इतकं सगळं ताटात वाढून दिल्यावर गाडी बंद पडतेच कशी?

त्यांनी बॉनेट उघडलं. वाटी पाण्याने काठोकाठ, पाणी पार पंपापर्यंत गेलेलं. आणि बझरची तार उपसून बाजूला ठेवलेली!

"अक्कल गहाण टाकलीस का रे?" ते ड्रायव्हरवर कडाडले. "कानाला त्रास होतो म्हणून तार काढायची? माझी पोर होती आत!"

ड्रायव्हर त्यांच्याच वयाचा, सोशिक माणूस. तो म्हणाला, "मिस्त्री, मागेच सांगितलं होतं तुम्हाला. तो बझर खड्ड्याखड्ड्याला बोंबलतो."

"आणि मी काय म्हटलं होतं? बोंबलू दे!"

त्यांनी शिव्यांची लाखोली वाहिली. ड्रायव्हरच्या सात पिढ्या झाल्या, पिंपवाल्याच्या झाल्या. बोलता बोलता त्यांनी तार हातात घेतली आणि थबकले. तारेच्या टोकाला नीट गुंडाळलेली पांढरी पट्टी होती, जखमेवर लावतात तसली.

जीपची मागची सीट पुसत असलेली लेक खाली उतरली. "तार मी काढली, बाबा."

"तू?"

"पहिल्यांदा वाजला तेव्हा थांबलो. बॉनेट उघडलं, तर चमचाभर पाणी. पुन्हा वाजला, पुन्हा तेच. ती बाई कळांनी तळमळतेय आणि दर आवाजाला माझा हात धरून विचारतेय, आता काय झालं, आता काय झालं. शेवटी काढली. मग पुढच्या वस्तीवर पिंपातलं डिझेल भरलं, ते निम्मं पाणीच निघालं."

मिस्त्रींनी वाटीच्या बुडाकडे पाहिलं. इतरांच्या गाड्यांना ते सेन्सर वाटीच्या मध्यावर लावत. लेकीच्या जीपला त्यांनी मुद्दाम पार तळाशी लावला होता. तिच्या गाडीत थेंबभरसुद्धा पाणी त्यांना चालणार नव्हतं. गचक्यासरशी तेवढंसं पाणी हिंदकळायचं आणि बझर केकाटायचा. एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांच्या मिस्त्रीला कळू नये! त्यांना स्वतःचीच चीड आली, आणि तीही बाहेर पडली ती लेकीवरच.

"मग आधी बोलायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का तुझं?"

"ड्रायव्हरकाकांनी सांगितलं होतं ना? त्यांना तुम्ही हाकलून दिलंत." तिचा आवाज चढला नव्हता. "मी एकटी कुठल्या कुठल्या वस्त्यांवर जाते, बाबा. कशाला भीत नाही. पण तुम्हाला काही सांगायचं म्हटलं की दारातूनच परत फिरते."

लेक परत सीट पुसायला गेली.

मिस्त्रींनी पाना उचलला, वाटी उतरवली आणि ड्रायव्हरसमोर धरली. "सांग, सेन्सर कुठे लावू?" ते म्हणाले. "तू म्हणशील तिथे."